हांगुल आधी कानांनी पाहावा

श्रीनगरच्या बऱ्याच घरांत नळाला येणारे पाणी दाचीगामच्या जंगलातून येते. शहरापासून जेमतेम २२ किलोमीटरवर, हारवन गावाच्या वर, डोंगरांच्या कुशीत हे जंगल आहे. मारसर तळ्याकडून निघालेला दगवान नाला त्यातून वाहत खाली येतो आणि हारवनच्या तलावात साठतो. शहराला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून महाराजा प्रताप सिंह यांच्या काळात, १९१० साली, हा मुलूख राखीव करण्यात आला. त्यासाठी तिथली दहा गावे उठली. ‘दाचीगाम’ या नावाचा अर्थच दहा गावे असा सांगतात. त्यातला ‘गाम’ म्हणजे आपले गाव, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १९८१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. पाण्यासाठी राखलेल्या या १४१ चौरस किलोमीटरच्या जंगलाने पाण्याबरोबर आणखी एक अमानत सांभाळली आहे. ती म्हणजे हांगुल, काश्मीरचे मोठे हरीण.

दिवाळीच्या सुट्टीत काश्मीरला जाणारी आपली माणसे चिनारची लाल पाने, शिकारा आणि केशराची शेते पाहून येतात. आम्हीही मुळात त्यासाठीच निघालो होतो, खोटे कशाला बोलायचे? आम्ही दोघे शिक्षक, अकरावीतली थोरली आणि सहावीतला धाकटा. अचलपूरहून निघण्याच्या दोन महिने आधीपासून थोरलीने मात्र एकच धोशा लावला होता: दल सरोवर नंतर, आधी हांगुल. तिच्याकडे मामूने दिलेला जुना कॅमेरा आहे, आणि मेळघाटात सांबर-गवे पाहून पाहून तिला जंगलाची गोडी लागलेली आहे. हांगुलच्या नरांची गर्जना सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते आणि ऑक्टोबर संपता संपता ओसरते, हे तिनेच शोधून काढले. आमची सुट्टी म्हणजे त्या हंगामाचे शेपूट. तरी तेवढे हाती लागले.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण वर्गात तो दरवर्षी होतो. उर्दू पुस्तकांत मोठ्या शिंगांच्या कोणत्याही हरणाला ‘बारासिंगा’ म्हणून मोकळे होतात. काश्मिरातही उर्दू बोलणारी माणसे हांगुलला सर्रास बारासिंगा म्हणतात. पण कान्हाच्या दलदली कुरणांतला बारशिंगा वेगळा आणि हा वेगळा. युरोपातले तांबडे हरीण हांगुलचे लांबचे नातलग. त्याचे खरे सख्खे भाऊबंद मध्य आशियात आहेत: बुखाऱ्याकडचे हरीण आणि यारकंदकडचे हरीण. गेल्या काही वर्षांच्या डीएनए तपासण्यांतून हे नाते पक्के झाले. आणि ग़ज़लवाल्यांचा ‘ग़ज़ाल’ तर हरणांच्या कुळातलाच नाही. तो आपल्या चिंकाऱ्याचा भाऊ. त्याची शिंगे पोकळ, जन्मभराची. हरणाची शिंगे भरीव हाडाची असतात आणि दरवर्षी गळून नव्याने उगवतात.

हे दरवर्षी उगवणेच मोठे नवल आहे. हांगुलच्या नराची शिंगे मार्च-एप्रिलमध्ये गळून पडतात. लगेच त्या जागी मऊ, लव असलेल्या कातडीखाली नवी शिंगे फुटू लागतात. त्या कातडीत रक्त वाहत असते, हात लावला तर ऊब लागावी अशी. उन्हाळाभर ती वाढतात. उन्हाळा सरता सरता कातडी वाळते आणि नर झाडांच्या बुंध्यांवर घासून ती सोलून काढतो. मग उरते ते टणक हाड. दोन्ही शिंगांची मिळून ११ ते १६ टोके होतात. एवढा सगळा खटाटोप ज्या पाच-सहा आठवड्यांसाठी असतो, तो हा शरदाचा हंगाम. काश्मिरीत शरदाला ‘हरुद’ म्हणतात.

शरदच का, याचे उत्तर उलट्या बाजूने शोधावे लागते. हांगुलची मादी आठ महिन्यांच्या आतबाहेर पाडस पोटात वाढवते. काश्मिरात बर्फ वितळून कोवळे गवत भरभरून येते ते मे-जूनमध्ये. पाडस त्याच वेळी जन्मले तर आईला दूध येते आणि पुढचे बर्फ पडायच्या आत पाडसाच्या अंगावर मांस चढते. मे-जूनमधून आठ महिने मागे मोजा, ऑक्टोबर येतो. हा हिशेब हरणाच्या डोक्यात दिवसाच्या लांबीने बसतो. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतात, रात्र लांबत जाते, आणि मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी ही लांबती रात्र ओळखून शरीरातली चक्रे फिरवते. नराची मान सुजल्यासारखी जाड होते, मानेवर आयाळीसारखे दाट केस येतात, तो चिखलात लोळतो, झाडांवर शिंगे आपटतो आणि ओरडू लागतो. आपल्याकडे बर्फाची ही सक्ती नाही. म्हणून चितळाचे नर भर उन्हाळ्यात हाका घालतात, सांबर हिवाळ्याच्या तोंडावर माजावर येतो, आणि पाडसे वर्षात केव्हाही दिसली तरी कोणाला नवल वाटत नाही. हांगुलला ही मोकळीक नाही. त्याचा एक महिना चुकला की वर्ष चुकले.

दाचीगाममध्ये परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. वन्यजीव विभागाकडून आगाऊ परवानगी काढावी लागते आणि विभागाचा माणूस सोबत असतो. हे नियम जाचक वाटत असतील तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शरदात खालच्या दाचीगाममध्ये काळी अस्वले अक्रोड आणि ओकची फळे खायला उतरतात. बिबटेही आहेत. आमच्या सोबत जो रखवालदार होता तो पन्नाशीचा, फेरन घातलेला, कमी बोलणारा. मुले त्याला चाचा म्हणू लागली आणि तो आम्हाला ‘मास्टरजी’. आदल्या दिवशी त्याने अटी सांगितल्या. लाल-पिवळे कपडे नकोत. फोन बंद. आत बोलायचे नाही, खुणा करायच्या. अस्वल दिसले तर पळायचे नाही, त्याच्या मागे उभे राहायचे. आणि इत्र लावायचे नाही. दुसरा दिवस जुम्म्याचा होता. धाकट्याने विचारले, “जुम्मा आहे तरी?” चाचा हसला आणि म्हणाला, नमाजेला अजून वेळ आहे, परत येऊन लाव. हांगुलला डोळ्यांआधी नाकाने माणूस कळतो.

शालिमारजवळच्या गेस्ट हाऊसवर फज्र पढून आम्ही अंधारातच निघालो. सूर्य उगवायला तासभर होता, आणि डोंगरांमुळे खोऱ्यात तो त्याहून उशिरा पोहोचतो. फाटकाच्या आतल्या चौकीवर नून चाय आणि लवासा मिळाला. गुलाबी, खारट चहा. आपल्या जिभेला पहिला घोट जड जातो, तिसरा आवडतो. मग नाल्याच्या काठाने चालू लागलो. पायाखाली ओली पाने, दोन्ही बाजूंना अक्रोड, तुती आणि ज्याला तिथे ‘हानदून’ म्हणतात ते जंगली चेस्टनटचे झाड. त्याची तपकिरी, गुळगुळीत फळे वाटेवर पडलेली होती. हांगुल ती आवडीने खातो.

दिसायच्या आधी तो ऐकू आला.

ती गर्जना शब्दांत उतरवणे अवघड आहे. सुरुवात जड, घशाच्या तळातून, म्हशीच्या हंबरण्यासारखी. मग आवाज ताणला जाऊन वर चढतो आणि शेवटी मधेच तुटतो. लगेच दोन-तीन लहान, खोकल्यासारखे हुंकार. नाल्याच्या पाण्याचा आवाज त्याखाली दबून गेला. धाकट्याने आईचा हात धरला. चाचाने बोट वर केले: थांबा. थोड्या वेळाने वरच्या उतारावरून दुसरे उत्तर आले, जरा पातळ आवाजात. चाचा आमच्या कानाशी वाकून कुजबुजला, “ऊपर वाला जवान है। नीचे वाला बादशाह है।”

आवाजावरून त्याने हे ओळखले यात जादू नाही. स्कॉटलंडजवळच्या रम नावाच्या बेटावर टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी तांबड्या हरणांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांना आढळले की नर आधी ओरडूनच एकमेकांची ताकद जोखतात. सतत, जोरात ओरडत राहायला अंगात दम लागतो. थकलेल्या नराला ते जमत नाही. दोघे तुल्यबळ वाटले तरच पुढची पायरी. मग ते एकमेकांना समांतर, ताठ मानेने, चालत राहतात, जणू कापड मापून पाहतात. त्यातूनही निकाल लागला नाही तर शिंगे भिडतात. भांडणाआधी भांडण टाळण्याच्या इतक्या रीती असणे आम्हाला फार शहाणपणाचे वाटले. कारण शिंगे भिडली की जखमा होतातच. डोळा जातो, पाय मोडतो. आणि या आठवड्यांत नर जवळजवळ खातच नाही. उन्हाळ्यात कमावलेले वजन ओरडण्यात आणि पहारा देण्यात खर्च होते. तांबड्या हरणांत ही घट वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत जाते. पुढे लगेच हिवाळा. थकलेला बादशाह बर्फात तग धरेल की नाही हे या पंधरवड्यात किती पळावे लागले यावर असते.

उजाडू लागले तसा तो दिसला. नाल्यापलीकडे, साधारण दीडशे पावलांवर, झाडीच्या कडेला. दीडशे-दोनशे किलोंचे जनावर, खांद्यापाशी चार फूट उंच, मातकट तपकिरी अंग, मागच्या बाजूला पांढरट पट्टा. शिंगांत चिखल आणि गवत अडकलेले. त्याच्या मागे पाच माद्या, एक पाडस. माद्या शांतपणे चरत होत्या. हा मात्र एका जागी थांबत नव्हता. एक मादी जरा लांब गेली की तिला वळसा घालून परत आणायचा. मग मान पुढे काढून, तोंड उघडून गर्जना. थंडीत त्याचा श्वास पांढऱ्या ढगासारखा तोंडाबाहेर यायचा. थोरलीने झाडाच्या बुंध्याला कॅमेरा टेकवला. तिच्या लेन्सला तो फार दूर होता. तिने चाचाकडे पाहिले, नाल्याकडे बोट केले. पुढे दगडांची ओळ होती, सहज ओलांडता आली असती. चाचाने मान हलवली. तिने पुन्हा पाहिले. त्याने पुन्हा मान हलवली. ती थांबली, पण तिचा चेहरा पडला.

आता फोटोचे थोडे, कारण हा छंद आपल्या घरांतल्या मुलांना लागू लागला आहे. पहाटेच्या जंगलात उजेड इतका कमी असतो की मोबाइलवर झाडीशिवाय काही येत नाही. कॅमेरा असेल तर तीनशे-चारशे मिलिमीटरची लेन्स हवी, आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत चढवावा लागतो, आणि शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या खाली गेला की हलणारी मान धूसर होते. थोडे दाणेदार चित्र आले तरी चालेल, हलके आलेले नको. फ्लॅश कधीच नाही. कॅमेऱ्याचा टकटक आवाज बंद करता येतो, तो करावा. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर सगळी तयारी फुकट, जागा बदलावी. सूर्य समोरून आला तर श्वासाची वाफ उजळते, तो क्षण पकडण्यासारखा. आणि मोबाइल खिशात राहिला तरी त्याचा एक उपयोग आहे: आवाज टिपायला. आमच्या मते हांगुलचा आवाज त्याच्या फोटोपेक्षा जास्त खरा. फोटोत शिंगे येतात, ते खोरे येत नाही.

पण आवाजाचीच एक दुसरी बाजू आम्ही तिथे पाहिली. नाल्याच्या खालच्या अंगाला आणखी एक मंडळी आली होती, हातात मोठमोठे कॅमेरे. त्यांना बादशाह झाडीआड दिसत नसावा. त्यांच्यातल्या एकाने फोनवर कुठूनतरी उतरवून घेतलेली हांगुलची गर्जना लावली, मोठ्याने. बादशाह जागीच थांबला. मान ताठ. मग माद्यांना सोडून तो त्या आवाजाच्या दिशेने उतारावरून खाली निघाला. त्याच्या समोर प्रतिस्पर्धी नव्हताच, पण त्याला ते कसे कळणार? तो ओरडत राहिला, शोधत राहिला. त्याने पाठ फिरवताच माद्या बिथरल्या आणि पाडसासह वर झाडीत शिरल्या. आमच्या चाचाने पहिल्यांदा आवाज काढला. तो त्या माणसांपाशी गेला, फोन बंद करायला लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, “वो अपना घर छोड़कर एक झूट के पीछे चला गया, मास्टरजी।”

बाहेरून पाहणाऱ्याला यात काय बिघडले असे वाटेल. हरीण दहा मिनिटे पळाले, परत येईल. हिशेब तसा नाही. तांबड्या हरणांच्या कुळात मादी माजावर असते ती जेमतेम एक दिवस. तो दिवस हुकला तर पुन्हा साधारण १८ दिवसांनी. म्हणजे पाडसही तितकेच उशिरा जन्मणार, त्याला दूध आणि गवताचे दिवस तितकेच कमी मिळणार, आणि पहिल्या हिवाळ्यात ते तितकेच हलके शिरणार. उशिरा जन्मलेली पाडसे हिवाळ्यात जास्त दगावतात. एका सकाळची गंमत आणि एक पाडस यांच्यात इतकेच अंतर असू शकते. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल की मक्केच्या हरमच्या हद्दीत शिकार तर मना आहेच, तिथल्या जनावराला नुसते हुसकावणेही मना आहे. आम्हाला ती गोष्ट तिथे, त्या नाल्याच्या काठावर आठवली. आपल्या जंगलांचे कायदे बंदुकीविषयी कडक आहेत. हुसकावण्याविषयी आपण स्वतःशी तितके कडक नसतो.

हा विषय निघालाच आहे तर शिकारीबद्दलही बोलून टाकू. हरणाचे मांस हलाल आहे हे आपल्या घरातल्या पोरांनाही माहीत असते, त्यामुळे “मग का खायचे नाही?” असा प्रश्न येतोच. आमच्या वर्गात दरवर्षी येतो. हांगुल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. पण मुलाला कायद्यापेक्षा आकडा लवकर समजतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मिरात तीन ते पाच हजार हांगुल असावेत असा अंदाज आहे. तेव्हा ते किश्तवाडपासून गुरेझपर्यंत पसरलेले होते, हिमाचलच्या चंबा भागातही होते. १९७० साली फ्रेड कुर्ट या अभ्यासकाने पाहणी केली तेव्हा उरले होते दीडशेच्या आसपास. संरक्षणाने ते पुढे वाढले, पुन्हा घसरले. २००४ च्या गणनेत १९७, २०१५ मध्ये १८६. त्यानंतर मात्र चढ आहे: २०१९ मध्ये २३७, २०२१ मध्ये २६१, २०२३ मध्ये २८९, आणि २०२५ मध्ये ३२३. जगात हांगुल म्हणून जेवढे जनावर मोकळ्या रानात आहे ते एवढेच, आणि त्यातलेही बहुतेक या एका जंगलात व त्याच्या आसपास. आमच्या शाळेचा पट याहून मोठा आहे. लंडन शहरातल्या रिचमंड पार्क नावाच्या एका बागेत सहाशेहून जास्त हरणे मोकळी फिरतात. शरदात तिथेही नर गर्जतात, फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते, आणि तिथलेही सांगणे आहे की ५० मीटर अंतर ठेवा. तिथल्या हरणांचा वंश काही धोक्यात नाही, तरी हे अंतर. मग इथे किती हवे?

गणना होते ती हिवाळा सरताना, साधारण मार्चमध्ये, झाडांना पाने नसतात आणि जनावरे खाली उतरलेली असतात तेव्हा. अलीकडे त्यात कॉलेजची मुलेही असतात. आकडा वाढतो आहे ही आनंदाची बातमी, पण त्यामागची चिंता जाणकार दरवेळी सांगतात: माद्यांच्या मानाने नर फार थोडे, आणि पाडसेही हवीत तेवढी नाहीत. म्हणजे एकेका बादशाहवर, एकेका हरुदवर भार जास्त.

घसरण का झाली, याची कारणे एकात एक अडकलेली आहेत. शिकार तर होतीच. उन्हाळ्यात हांगुल वरच्या दाचीगामच्या कुरणांत जायचा. तिथे मेंढ्यांचे कळप आणि त्यांचे कुत्रे पोहोचले. गुज्जर-बकरवाल कुटुंबांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात वर जात आली आहेत आणि त्यांना दुसरे कुरण कोणी दिलेले नाही. सरकारचे स्वतःचे मेंढीपालन केंद्र वर्षानुवर्षे या उद्यानाच्या आतच होते, हे कसे विसरायचे? ख्रिव आणि खोनमोहच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आणि खाणी आल्या, दाचीगामहून बाहेर पडायच्या वाटा अरुंद झाल्या. २०१३ साली शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा एका हांगुलच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला. ही जनावरे कोणत्या वाटा अजून धरून आहेत, हे त्यानंतर हळूहळू कळू लागले. त्रालच्या बाजूला आजही काही हांगुल दिसतात. त्या वाटा मोकळ्या राहिल्या तर दाचीगामबाहेरही हांगुल पुन्हा वसेल. सगळी जनावरे एकाच जागी असणे म्हणजे घरातले सगळे दागिने एकाच पेटीत. एखादी साथ, एखादा वणवा पुरेसा.

जायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. दिवाळी उशिरा असेल तर त्यासाठी सुट्टी टाकावी लागेल. परवानगीसाठी ओळखपत्रे आधी तयार ठेवावीत. पहाटे तापमान चार-पाच अंशांवर असते, मुलांना दोन स्वेटर. फार लहान मूल असेल तर नेऊ नये. ते रडेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. म्हाताऱ्या माणसांना नाल्यापर्यंतची वाट जमते, पुढची नाही, पण गर्जना चौकीपर्यंत ऐकू येते. चौकीवर अब्बांना नून चाय देऊन बसवले आणि तुम्ही पुढे गेलात तर त्यांचे नुकसान काही होणार नाही, उलट त्यांना बहुधा जास्त निवांत ऐकू येईल.

आम्ही तिथे आणखी तासभर थांबलो. बादशाह परत वर गेला, माद्या त्याला मिळाल्या की वरच्या जवानाने नेल्या, ते झाडीमुळे कळले नाही. चाचालाही सांगता येईना. दोन्ही आवाज मात्र येत राहिले, नऊ वाजता ऊन खाली उतरेपर्यंत. थोरलीचा फोटो आला आहे. त्यात पुढे तुतीची फांदी आहे, मागे धूसर तपकिरी अंग, आणि शिंगांची सात टोके मोजता येतात. तिने तो काढून टाकलेला नाही.

सुट्टीनंतर आम्ही तिची ध्वनिफीत आठवीच्या वर्गात ऐकवली आणि काही न सांगता विचारले, हे काय आहे? पहिले उत्तर आले म्हैस. मग वाघ. एकाने ठामपणे सांगितले की ट्रॅक्टर चढाला लागला आहे. मागच्या बाकावर मेळघाटच्या पायथ्याच्या गावाहून येणारा एक मुलगा बसतो, वर्गात फारसे बोलत नाही. त्याने पुन्हा लावायला सांगितले, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, “सर, सांबरासारखे आहे, पण सांबर नाही. त्याला कोणीतरी वरून उत्तर देतेय.”